पिंजऱ्यातला धातू, एमआरआयची सुई आणि टाकीजमधल्या कार्बनच्या कांड्या

मागच्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की कार्बनच्या पोकळ चेंडूच्या आत गॅडोलिनियम नावाचा धातू कोंडायचा आणि तो चेंडू एमआरआयच्या वेळी कॉन्ट्रास्ट म्हणून, म्हणजे चित्र स्पष्ट दिसावं म्हणून टोचतात त्या औषधासारखा, वापरायचा असं संशोधन गेली पंचवीसेक वर्षं चाललंय. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलून हा महिना मी यालाच देतोय. आजारपणाचा विषय आहे म्हणून नावं छापत नाही, गाव नाहीतर मोहल्ला तेवढा लिहिलाय.

प्रश्न: सासूबाईंना सारखी चक्कर येते, डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय सांगितलाय आणि तोही कॉन्ट्रास्ट देऊन. इकडे फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरतोय की गॅडोलिनियम मेंदूत साचतं, परदेशात बंद केलंय आणि आपल्याकडे मात्र बिनधास्त टोचतात. तुम्ही तो नवीन कार्बनच्या चेंडूवाला कॉन्ट्रास्ट लिहिला होता, तो येईपर्यंत थांबायचं का? घरात रोज यावरून वाद होतोय. (एक ताई, सक्करदरा)

उत्तर: ताई, थांबू नका. हे आधी सांगतो कारण बाकी सगळं नंतर वाचलं तरी चालेल. तो चेंडूवाला कॉन्ट्रास्ट आज जगात कुठल्याच दवाखान्यात मिळत नाही, कुठल्याही देशाने माणसाला द्यायला त्याला परवानगी दिलेली नाही, तो प्रयोगशाळेत आणि उंदरांपर्यंतच पोचलाय. सासूबाईंच्या चकरेचं कारण आज शोधायचंय.

आता तुमच्या ग्रुपवरचा मेसेज. तो पूर्ण खोटा नाही आणि पूर्ण खराही नाही, म्हणून तर तो इतका फिरतो. गॅडोलिनियम हा धातू आहे आणि मोकळा सुटला तर तो विषारी आहे, कारण त्याच्या आयनचा आकार कॅल्शियमच्या आयनसारखाच, त्यामुळे जिथे कॅल्शियमने जायचं तिथे हा जाऊन अडकतो. आणि दिला जातो तोही काही चिमूटभर नाही, साठ किलोच्या माणसाला नेहमीच्या डोसमध्ये जवळपास एक ग्रॅम गॅडोलिनियम जातं, सोन्याच्या हिशोबात एक ग्रॅम म्हणजे किती ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून तो कधीच मोकळा देत नाहीत, एका सेंद्रिय रेणूने त्याला गच्च धरून ठेवलेलं असतं आणि धातू आणि रेणू दोघं जोडीने किडनीतून लघवीवाटे बाहेर पडतात, किडनी चांगली असेल तर एका दिवसात जवळपास सगळं जातं.

हे धरून ठेवणारे रेणू दोन तऱ्हेचे. एक उघड्या साखळीचे, त्यांना लिनिअर म्हणतात. १९८८ मध्ये पहिल्यांदा बाजारात आलेलं मॅग्नेविस्ट याच जातीचं. हे म्हणजे पदराच्या गाठीत बांधलेला रुपया, बहुतेक वेळा घरापर्यंत नीट येतो पण गाठ सैल झाली तर पडतो. दुसरे गोल कडीसारखे, मॅक्रोसायक्लिक, त्यात धातू झाकणाच्या डब्यात बसवल्यासारखा असतो. किडनी खराब असलेल्या पेशंटमध्ये धातू जास्त वेळ आत राहायचा, गाठ सुटायची आणि कातडी आणि सांधे कडक होण्याचा एक भयंकर आजार व्हायचा, त्याचा गॅडोलिनियमशी संबंध २००६ मध्ये लक्षात आला आणि २००७ मध्ये अमेरिकेने औषधावर कडक इशारा छापायला लावला. मग २०१४ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवलं की पुन्हा पुन्हा कॉन्ट्रास्ट घेतलेल्या लोकांच्या मेंदूच्या काही भागांत त्याच्या खुणा दिसतात, किडनी चांगली असली तरी. युरोपने २०१७ मध्ये बहुतेक लिनिअर कॉन्ट्रास्ट थांबवले, लिव्हरसाठीचे आणि सांध्यात टोचायचे तेवढे ठेवले. म्हणजे "परदेशात बंद" यातलं खरं एवढंच, की गाठीवाले युरोपात थांबले आणि डब्यावाले तिथेही रोज दिले जातात. मेंदूत दिसलेल्या त्या खुणांमुळे कोणाला अमुक आजार झाला असं मात्र सिद्ध झालेलं नाही.

मग तो कार्बनचा चेंडू कशासाठी, तर त्याला गाठही नाही आणि झाकणही नाही. आपल्याकडे म्हणतात ना, देवाची करणी आणि नारळात पाणी, तसंच. नारळाला भोक पाडून कोणी पाणी भरत नाही, पाणी आत असतानाच नारळ वाढतो. इथेही धातूच्या भोवती कार्बनचा पिंजरा वाढतो आणि बंद होतो, आणि एकदा बंद झाला की रक्तातलं काहीही तो फोडू शकत नाही. कल्पना खरंच सुंदर आहे, मला ती पहिल्यांदा वाचली तेव्हापासून आवडते. पण नारळ न फुटणं वेगळं आणि नारळ घराबाहेर जाणं वेगळं, आणि सगळी अडचण तिथेच आहे, ती खाली काटोलच्या मुलाच्या उत्तरात सविस्तर लिहिलीये.

तुम्ही एवढं करा. स्कॅनच्या आधी क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट हातात ठेवा, त्यावरून किडनीचा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा आकडा, काढतात, तो ३० च्या खाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आधी कधी कॉन्ट्रास्ट घेतला असेल, अंगावर पित्त उठलं असेल, तेही सांगा. आणि देणार आहेत तो मॅक्रोसायक्लिक आहे का हे सरळ विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझ्या मोठ्या बहिणीला एका वर्षात दोनदा एका सेंटरवर कॉन्ट्रास्ट दिला, तिला पंधरा वर्षांची शुगर, आणि दोन्ही वेळा क्रिएटिनिन कोणी विचारलं नाही. हातात सुई लावली, औषध गेलं, मागून सलाईन गेलं, ती म्हणाली हात एकदम थंड पडला, तेवढंच. घरी येऊन रिपोर्ट वाचला तर त्यात फक्त कॉन्ट्रास्ट दिला असं लिहिलेलं, कुठला आणि किती मिली ते काहीच नाही. फोन केला तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, काका, डाय तर डायच असते, सगळे सारखेच. ते सारखे नाहीत. गाठ आणि डबा यातला फरक कळायला वैद्यकशास्त्राला जवळपास वीस वर्षं आणि कित्येक पेशंट लागलेत, आणि तो एका ओळीत लिहून द्यायला काउंटरवर अर्धा मिनिट लागतो. बहिणीला सुदैवाने काही झालं नाही पण तो राग माझ्या मनातून गेलेला नाही.

प्रश्न: मी बावीस वर्सं टाकीजमध्ये प्रोजेक्टर चालवला जी. तवा झिनॉनचा बल्ब नव्हता, कार्बनच्या दोन कांड्या असत, त्या भिडवल्या का मंग उजेड. तुम्ही लिवलं का हे चेंडू कार्बनच्या कांड्यात करंट सोडून बनवते. मंग आमी जलमभर तेच बनवत होतो का काय? आमच्या चिमनीतून जे काजळ जात होतं त्यात हे होतं का? (एक काका, इतवारी)

उत्तर: काका, तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. लहानपणी मी एकदा केबिनमध्ये शिरलो होतो, ऑपरेटर काळ्या काचेतून आत बघत होता आणि हातातली मूठ हळूहळू फिरवत होता, कारण कांड्या जळून मधलं अंतर वाढलं की पडद्यावरचा उजेड पिवळा पडायचा आणि खालून शिट्ट्या सुरू व्हायच्या. मला तेव्हा वाटलं होतं की सिनेमा हाच माणूस हाताने फिरवतोय.

आता ऐका, तुम्ही चेंडू बनवत नव्हता पण तुम्ही त्या कामाच्या इतक्या जवळ होतात की मलाच नवल वाटतंय. चेंडू बनवायची रीत अशी. ग्रॅफाइटची कांडी घ्यायची, तिला मधोमध लांब भोक पाडायचं, त्या भोकात गॅडोलिनियम ऑक्साइडची पूड आणि ग्रॅफाइटची पूड मिसळून ठासून भरायची, समोर दुसरी कांडी, मधे थोडी फट, आणि शेकडो अँपिअरपर्यंतचा डीसी करंट. फटीत ठिणगी पेटते, कार्बनची आणि धातूची दोन्हीची वाफ होते आणि ती वाफ थंड होताना काजळी धरते. आता तुमच्या कांड्या आठवा, वरून तांब्याचा मुलामा असलेल्या. त्यातली पॉझिटिव्ह बाजूची जी भारी उजेडाची कांडी यायची, तिच्याही पोटात गाभा भरलेला असायचा, आणि त्या गाभ्यात सिरियम आणि त्याच्या भावंडांचे क्षार असायचे, कारण त्यांच्यामुळेच उजेड पांढराशुभ्र पडतो. सिरियम हा गॅडोलिनियमच्या घराण्यातलाच, दुर्मिळ मृदा धातू म्हणतात त्या ओळीतला. म्हणजे कांडी तीच, गाभा त्याच घराण्यातला, ठिणगी तीच.

फरक हवेचा. तुमची ठिणगी उघड्या हवेत जळायची, हवेत ऑक्सिजन, त्यामुळे कार्बनची वाफ पिंजरा बांधायच्या आत जळून धूर होऊन चिमणीतून जायची. चेंडू बांधायला निवांतपणा लागतो. म्हणून प्रयोगशाळेत ती कांडी बंद पिंपात ठेवतात, आतली हवा पंपाने ओढून काढतात आणि बाहेरच्या हवेपेक्षा बऱ्याच कमी दाबाने हेलियम भरतात, हेलियम कोणाशीच काही करत नाही, तो फक्त वाफेला हळूहळू थंड करतो. १९९० मध्ये क्रॅचमर आणि हफमन यांनी ग्रॅफाइट हेलियममध्ये तापवून चिमूट चिमूट सी-६०, म्हणजे ६० कार्बनचा चेंडू, पहिल्यांदा हातात येईल इतकं बनवून दाखवलं. त्याआधी १९८५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात क्रोटो, स्मॉली आणि कर्ल यांना तो रेणू सापडला होता, ६० कार्बन, फुटबॉलसारखी शिवण, त्याला १९९६ चं नोबेल मिळालं. आणि १९८५ च्या त्या शोधानंतर काही आठवड्यांतच त्याच प्रयोगशाळेत ग्रॅफाइटला लॅन्थनम क्लोराइडमध्ये भिजवून लेझर मारला आणि आत धातू बसलेला चेंडू दिसला. म्हणजे धातू आत कोंडायची कल्पना चेंडूइतकीच जुनी आहे.

आणि तुमच्या कामाच्या माणसाला आवडेल अशी एक गोष्ट. १९९९ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया टेकमध्ये हॅरी डॉर्न आणि स्टीव्हन स्टीव्हन्सन असंच कांड्या जाळत होते आणि त्यांच्या पिंपाला कुठेतरी गळती होती, थोडी हवा आत शिरली. हवेतला नायट्रोजन धातूला जाऊन भिडला आणि काजळीत एक नवाच चेंडू निघाला, ८० कार्बनचा, आत तीन स्कँडियम आणि त्यांच्या मधोमध एक नायट्रोजन. नेहमीच्या धातूवाल्या चेंडूंपेक्षा तो कितीतरी जास्त निघायला लागला. मग स्कँडियमच्या जागी गॅडोलिनियम टाकून बघितलं, तेही जमलं, म्हणजे एका चेंडूत एका ऐवजी तीन गॅडोलिनियम. हे सगळं गळक्या वॉशरच्या कृपेने म्हणा ना.

काजळी निघाली की काम संपत नाही, खरं काम तिथून सुरू होतं. नीट जमलं तर काजळीचा साधारण दहावा हिस्सा चेंडू असतात आणि त्यातले बहुतेक रिकामे. काजळी टोल्युइनसारख्या द्रावकात ढवळतात, गाळतात आणि मग लांब नळीतून तासन् तास सोडून एकेक जातीचा चेंडू वेगळा करतात. मी केमिस्ट्री शिकवायचो तेव्हा एकदा सी-६० टोल्युइनमध्ये विरघळलेलं बघितलं होतं, छोटीशी बाटली, उजेडासमोर धरली तर पिकलेल्या जांभळाचा रंग. काळ्याकुट्ट काजळीतून असला रंग निघतो हे पोरांना खरं वाटत नव्हतं.

प्रश्न: सर, बीएस्सीला आहे. आम्हाला शिकवलंय की एमआरआय कॉन्ट्रास्टमध्ये पाण्याचा रेणू गॅडोलिनियमला चिकटावा लागतो तेव्हाच सिग्नल वाढतो. मग जर धातू बंद पिंजऱ्यात आहे तर पाणी त्याच्यापर्यंत जाणारच नाही, मग हा कॉन्ट्रास्ट चालतो कसा? आणि चालत असेल तर अजून आला काहून नाही? (एक विद्यार्थी, काटोल)

उत्तर: एकदम बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस बाळा, हा प्रश्न वाचून बरं वाटलं.

ज्यांनी हे शिकलेलं नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. शरीरात पाणी, पाण्यात हायड्रोजन, हायड्रोजनचा प्रोटॉन म्हणजे इवलासा लोहचुंबक. मशीन त्यांना एका दिशेला लावते, रेडिओ लहरीने पाडते आणि ते परत उभे राहतात, कुठल्या भागात किती वेळात उभे राहतात त्यावरून चित्र बनतं. गॅडोलिनियमच्या आयनमध्ये सात इलेक्ट्रॉन एकेकटे असतात, त्यामुळे तो जबरदस्त चुंबकी, आणि त्याच्या जवळ आलेला प्रोटॉन लवकर उभा राहतो, तो भाग पांढरा चमकतो. (हा धातू म्हणून सुद्धा गमतीचा आहे, साधारण २० डिग्रीच्या खालीच तो लोखंडासारखा चुंबकाला धरतो, म्हणजे नागपुरात डिसेंबरच्या पहाटे चिकटेल आणि मे महिन्यात सोडून देईल.)

नेहमीच्या कॉन्ट्रास्टमध्ये पाण्याचा एक रेणू थेट धातूला चिकटतो, सुटतो, दुसरा येतो, सेकंदाला लाखो वेळा. पिंजऱ्यात हे होऊच शकत नाही. पण नुसता चेंडू पाण्यात विरघळत नाही म्हणून त्याच्या बाहेरून ओएच गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, बसवतात, आणि इथेच मजा झाली. २००१ मध्ये जपानात नागोयाच्या शिनोहारांच्या गटाने ८२ कार्बनचा चेंडू, आत एक गॅडोलिनियम, बाहेर चाळीसेक ओएच असा बनवून मोजला. एक टेस्ला ताकदीच्या चुंबकात त्याची रिलॅक्सिव्हिटी, म्हणजे प्रोटॉनला लवकर उभं करायची ताकद, आली ८१ आणि शेजारी ठेवलेल्या मॅग्नेविस्टची ३.९. वीसपट!

कारण असं की त्या ओएचमधले प्रोटॉन आणि भोवतीच्या पाण्यातले प्रोटॉन सारखी अदलाबदल करतात आणि आतल्या चुंबकाचा जोर पिंजऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचतो. उन्हाळ्यात आपल्याकडे चौकात पाणपोई असते बघ, रांजण आत सावलीत असतो, त्याला कोणी हात लावत नाही, पण बाहेर ओगराळ्यावर सारखी माणसं येतात, पिऊन पुढे जातात. नेहमीचा कॉन्ट्रास्ट म्हणजे रांजणात एकेकाने तोंड घालायचं, आणि हा म्हणजे चाळीस ओगराळी. दुसरं कारण, हे चेंडू पाण्यात एकमेकांना धरून घोळका करतात, घोळका जड, तो हळू गिरक्या घेतो, आणि रेणू जितका हळू फिरेल तितका नेहमीच्या मशीनमध्ये त्याचा परिणाम जास्त.

आणि आता "अजून आला काहून नाही" ते. या दोन्ही चांगल्या गोष्टींमध्येच त्याचं दुखणं आहे. २००५ मध्ये दिसलं की ६० कार्बनवाल्या गॅडोलिनियमच्या चेंडूंच्या पाण्यात क्षार टाकले की घोळके फुटतात आणि चमक एकदम उतरते. रक्तात मीठ आहेच, तेव्हा शुद्ध पाण्यात मोजलेला आकडा रक्तात तसाच राहील असं धरून चालत नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शरीर या चेंडूंना सोडत नाही. ओएचवाले चेंडू उंदरांना दिले तर ते फुप्फुस, लिव्हर, प्लीहा इथे जाऊन बसले, कारण घोळके बघून तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना कचरा समजून गिळतात. १९९९ मध्ये लॉन विल्सन यांच्या गटाने गॅडोलिनियमच्या ऐवजी किरणोत्सारी होल्मियम आत भरून उंदरांत त्याचा माग काढला होता, तेव्हाही तो लिव्हरमध्ये गोळा झाला आणि फार सावकाश बाहेर पडला. पिंजरा फुटला नाही, ते खरं. पण रुपया पडला नाही म्हणून आनंद मानायचा आणि पेटीच घरात अडकून राहायची, याला औषध कसं म्हणायचं? ज्या कॉन्ट्रास्टबद्दल आपली मुख्य तक्रारच ही आहे की थोडं मागे राहतं, त्याच्या जागी अख्खंच मागे राहणारं काही आणून चालत नाही.

मग लोकांनी उपाय काढला. २००३ मध्ये बोल्स्कर, विल्सन आणि मंडळींनी त्या ६० कार्बनच्या चेंडूवर ओएच न लावता कार्बोक्सिल ॲसिडच्या दहा जोड्या लावल्या, म्हणजे बाहेरून चांगला विद्युतभार, एकमेकांना ढकलणार, घोळका कमी. उंदरांत तो लिव्हरमध्ये फार न रेंगाळता किडनीतून भराभर निघून गेला, अगदी हवा तसा. आणि त्याची रिलॅक्सिव्हिटी किती? ४.६. म्हणजे बाजारात मिळतो त्या कॉन्ट्रास्टइतकीच. जो चमकतो तो जात नाही आणि जो जातो तो विशेष चमकत नाही, ही पेचातली गाठ आहे आणि ती अजून कोणाला पूर्ण सोडवता आलेली नाही. तीन गॅडोलिनियमच्या चेंडूवर पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या लांब शेपट्या लावून २००६ मध्ये व्हर्जिनियात १४३ पर्यंत आकडा गेला, २.४ टेस्लाला, आणि उंदरांच्या मेंदूतल्या गाठीत तो थेट सोडून बघितला. मला स्वतःला हीच वाट जास्त खरी वाटते, म्हणजे शिरेतून अख्ख्या शरीरात न फिरवता जिथे काम आहे तिथेच थोडासा सोडायचा आणि तो तिथे टिकून राहतो हाच त्याचा उपयोग करून घ्यायचा. तू पुढे एमएस्सीला केमिस्ट्री घेणार असशील तर चेंडूच्या बाहेर काय लावायचं यावर काम कर. आत काय भरायचं ते बरंचसं झालंय, बाहेरचं राहिलंय.

प्रश्न: आमच्या गावची ओळखच मँगनीज. वडील खाणीत होते. मी वाचलं की मँगनीजही एमआरआयमध्ये चालतं. मग गॅडोलिनियमच्या मागे कशाला लागायचं, आपलंच वापरा ना! (मानसर)

उत्तर: चालतं, आणि ते गॅडोलिनियमच्याही आधी वापरून झालंय. एमआरआयसाठी २००३ चं नोबेल ज्यांना मिळालं त्यातले लॉटरबर, त्यांनी १९७८ मध्ये कुत्र्याच्या हृदयावर मँगनीजच वापरून बघितलं होतं. मँगनीजच्या आयनमध्ये पाच इलेक्ट्रॉन एकेकटे, गॅडोलिनियमचे सात, म्हणजे थोडं कमी पण बरंच चांगलं, शिवाय मँगनीज शरीराला थोडं लागतंच आणि जास्त झालेलं लिव्हर पित्तातून बाहेर टाकतं. लिव्हरच्या स्कॅनसाठी मँगाफोडिपिर नावाचं औषध १९९७ मध्ये अमेरिकेत मंजूरही झालं, पण पुढे ते बाजारातून गेलं. दुसरी बाजू तुमच्या वडिलांच्या पिढीला माहीत असेल, खाणीत आणि वेल्डिंगमध्ये वर्षानुवर्षं मँगनीजची धूळ आणि धूर घेतला की हातापायाला कंप, चालण्यात ताठपणा असं पार्किन्सनसारखं दुखणं होऊ शकतं. तेव्हा हाही धातू गच्च धरूनच द्यावा लागतो आणि त्यावर सध्या जोरात काम चालू आहे. पण चेंडूत मात्र तो सहजासहजी जात नाही, कांड्या जाळायच्या रीतीत आत शिरतात ते लॅन्थनम, स्कँडियम, इट्रियम आणि गॅडोलिनियमच्या घराण्यातले धातू. वडिलांना खोकला, कंप असं काही असेल तर खाणीत किती वर्षं होते ते डॉक्टरांना नक्की सांगा, बरेच जण सांगायचं विसरतात.

प्रश्न: हेच ते जगातलं सगळ्यात महाग औषध का, ज्याचा ग्रॅमचा भाव कोटींमध्ये आहे असा व्हिडिओ येतो? (प्रतापनगर)

उत्तर: नाही, तो वेगळा. २०१५ मध्ये ऑक्सफर्डमधून निघालेल्या एका कंपनीने २०० मायक्रोग्रॅम २२,००० पौंडांना विकले होते त्याची ती बातमी, आणि त्या चेंडूच्या आत धातू नाही तर नायट्रोजनचा एक अणू असतो, उपयोग अगदी छोट्या अणुघड्याळासाठी. कॉन्ट्रास्टशी त्याचा काही संबंध नाही. व्हिडिओवाले दोन्ही चेंडू एकाच पिशवीत घालतात.

प्रश्न: मिस्टरांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. आता मणक्याचा एमआरआय सांगितलाय. डॉक्टर म्हणाले बिनकॉन्ट्रास्टचा करून बघू, नाही दिसलं तर कॉन्ट्रास्ट लागेल. मला त्या कातडी कडक होण्याच्या आजाराची फार भीती वाटते. तुमच्या त्या चेंडूंनी हा आजार होणार नाही असं वाचलं, खरं का? (जरीपटका)

उत्तर: तुमचे डॉक्टर योग्य क्रमाने चाललेत, आधी बिनकॉन्ट्रास्टचा, आणि मणक्याच्या बऱ्याच दुखण्यांत तेवढ्यावर भागतंही. एमआरआयमध्ये एक्स-रेचं रेडिएशन नसतं, त्यामुळे दुसऱ्यांदा मशीनमध्ये जावं लागलं तरी त्या अंगाने काळजी नाही.

चेंडूंबद्दल तुम्ही वाचलं ते तर्काने बरोबर आहे, धातू सुटलाच नाही तर सुटलेल्या धातूचा आजार होणार नाही. पण किडनी चालत नसलेल्या माणसात तो चेंडू किती दिवस राहील आणि तिथे बसून काय करेल हे माणसात कोणी तपासलेलंच नाही, म्हणून त्याच्या भरवशावर काही ठरवू नका.

तुमची भीती खोटी नाही, पण ती मुख्यतः त्या गाठीवाल्या, लिनिअर औषधांच्या काळातली आहे. डब्यावाल्या मॅक्रोसायक्लिक औषधांनी हा आजार होणं फारच दुर्मिळ, म्हणून खरंच गरज असेल तर डायलिसिसच्या पेशंटलाही ते देतात. दोन माणसांना एकत्र बोलवा, किडनीचे डॉक्टर आणि स्कॅनवाले रेडिओलॉजिस्ट, निदान फोनवर तरी. त्यांना विचारा की कॉन्ट्रास्टशिवाय कारण कळणार नाही हे पक्कं आहे का, औषध मॅक्रोसायक्लिक आहे का, डोस कमीत कमी किती, आणि स्कॅनची वेळ अशी धरता येईल का की त्याच दिवशी लगेच नंतर डायलिसिसला जाता येईल, कारण त्यांच्या अंगातून ते औषध काढायचं काम मशीनच करणार आहे. मंगळवारी डायलिसिस असेल तर स्कॅन मंगळवारी सकाळीच घ्या, बुधवारी नको. आणि औषधाचं नाव, किती मिली दिलं आणि तारीख हे तिन्ही फिल्मच्या पाकिटावर पेनाने लिहून घ्या, सेंटरने नाही लिहिलं तर रिकाम्या बाटलीचं लेबल मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.